देवगिरीचे कोठार

छत्रपती संभाजीनगराहून वेरूळास जाताना वाटेत दिसणारा देवगिरीचा एकाकी डोंगर आमच्या बहुतेक ज्ञातिबांधवांच्या परिचयाचा आहे. यादव नृपती पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे राजधानी वसविली. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ज्या रामचंद्र राजाचा निर्देश आहे, त्याचे सिंहासन येथेच होते.

चहूबाजूंनी तासलेला उभा कडा, खडकात खोदलेला खंदक आणि डोंगराच्या पोटातून वर जाणारी अंधारी वाट पाहिली म्हणजे असा दुर्ग शत्रूने घेतला तरी कसा, हा प्रश्न सहजच मनात येतो. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात चालून आला, त्या वेळी मुख्य सैन्य युवराज शंकरदेवासह दूर होते. राजाने किल्ल्याचा आश्रय केला. घाईघाईने वर चढविलेल्या गोण्यांत धान्य असल्याची सर्वांची समजूत होती. उघडल्या तेव्हा आत मीठ निघाले, अशी हकीकत सुमारे तीन शतकांनंतर फिरिश्त्याने लिहून ठेविली आहे. शंकरदेव परतून लढला, परंतु पराभूत झाला. खंडणी देऊन तह करावा लागला आणि पुढे सुमारे दोन तपांत यादवांचे राज्य लयास गेले. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी येथे आणून नगरास दौलताबाद हे नाव दिले. त्यानंतर बहमनी, निजामशाही, मोगल अशा अनेक राजवटींनी येथे आपापली भर घातली. चांदमिनार हा बहमनी काळचा.

आज हे भग्न वैभव भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या सुधारणेनुसार संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून, वास्तूस इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. तथापि कायदा हा बाहेरचा तट होय. भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारा मनुष्य खंदक पोहून येत नाही. तो तिकीट काढून, मुलाबाळांसह, महाद्वारातूनच येतो. तो आमच्यापैकीही असू शकेल.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती इतकीच की, मुलांस किल्ला दाखविण्यापूर्वी ही मिठाची हकीकत अवश्य सांगावी. तटाच्या भरवशावर राहून कोठाराकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, हे देवगिरीने एकदा दाखविले आहे. तोच प्रमाद तिच्या अवशेषांच्या बाबतीत आपल्या हातून न घडो.