दोष कुणाच्या वाट्याला? भारतीय कथा-कादंबरीतील पात्रांचा एक इतिहास



कथा किंवा एकांकिका लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘पात्राला एखादा दोष द्या, म्हणजे ते खरे वाटेल.’ सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. तो पाळायचा म्हणून नायक विसराळू केला जातो, नायिका थोडी तापट केली जाते आणि तरीही दोघे कागदीच राहतात. दोष वरून चिकटवल्याने माणूस तयार होत नाही. मग तो कशाने तयार होतो?

या टिपणात आपण या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची साधारण सव्वाशे वर्षे आणि त्या काळातील भारतीय भाषांमधली काही पात्रे आपण घेऊ. त्यांच्याकडे पाहताना दोन प्रश्न मनात ठेवा. पहिला, पात्राचा दोष येतो कुठून? दुसरा, दोष असण्याची मुभा कोणाला होती? दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही, पण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

१. जुन्या साहित्यातील दोष

सदोष पात्र ही आधुनिक काळाची देणगी आहे, असा एक समज आहे. तो टिकणारा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने नायकांचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले. त्यांतला धीरोद्धत तर गर्विष्ठ आणि चंचल वृत्तीचाच मानला जातो. महाभारतात युधिष्ठिर द्यूतात राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी इतके सगळे हरतो. अश्वत्थाम्याविषयी तो अर्धसत्य बोलतो, तेव्हा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातला शर्विलक तर ब्राह्मण चोर आहे. भिंतीला पाडायच्या भोकाचे माप तो आपल्या जानव्याने घेतो आणि चोरी करतो ती आपल्या प्रेयसीला दास्यातून सोडवण्यासाठी.

म्हणजे दोष होतेच. मात्र ‘मृच्छकटिक’सारखे अपवाद वगळले, तर ज्यांचे दोष सविस्तर सांगण्याजोगे मानले गेले ते बहुतेक राजे, योद्धे आणि ऋषी होते. शेतात राबणाऱ्याचा किंवा घरातल्या विधवेचा दोष हा कथेचा विषय व्हायला फार उशीर लागला.

२. सुधारणेची कादंबरी आणि निर्दोष पीडित

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी आली. यमुना पतीबरोबर प्रवास करते, वाटेत विधवांचे हाल पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. लेखकाला वाचकाचे मन वळवायचे होते. त्यामुळे सोसणारी माणसे सज्जन आणि छळणारी माणसे दुर्जन, अशी सरळ विभागणी झाली.

हे फक्त मराठीत घडले नाही. बंगालीत १८५८ मध्ये प्यारीचाँद मित्र यांची ‘आलालेर घरेर दुलाल’ प्रसिद्ध झाली. हिंदीत १८८२ मध्ये लाला श्रीनिवासदास यांची ‘परीक्षागुरू’ आली. दोन्हींमध्ये श्रीमंताचा बिघडलेला मुलगा आहे आणि त्याला वाट दाखवणारी शहाणी माणसे आहेत. पण गंमत पाहा. ‘आलालेर घरेर दुलाल’मधील सज्जन कोणाच्या फारसे स्मरणात राहिले नाहीत. राहिला तो ठकचाचा, खोटे दस्तऐवज आणि खोट्या साक्षी यांत तरबेज असलेला लबाड माणूस. मल्याळममध्ये १८८९ साली आलेल्या ओ. चंदु मेनन यांच्या ‘इंदुलेखा’ कादंबरीतही तेच झाले. शिकलेली, ठाम मताची नायिका लेखकाला लाडकी होती. पण स्वतःच्या रूपावर आणि ऐश्वर्यावर खूश असलेला सूरी नंबूदिरिपाद पानावर आला की वाचक सावरून बसतो.

याचे कारण सरळ आहे. ठकचाचाला काहीतरी हवे आहे आणि ते मिळवण्यासाठी तो सतत काहीतरी करतो. सज्जन पात्रे फक्त योग्य बोलतात.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिने एक मोठे पाऊल टाकले. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. लहानपणाच्या आठवणी, घरातली बोलणी, भीती हे सगळे तिच्या तोंडून येते, म्हणून ती खरी वाटते. तरीही विभागणी पूर्णपणे मोडलेली नाही. शंकरमामंजींकडे ढोंग आहे, यमूकडे दुःख आहे.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. या लेखकांचा हेतू चांगला होता. पण पीडित माणूस निर्दोष दाखवण्यामागे एक न बोललेली अट दडलेली असते, की न्याय मिळवायचा तर आधी निष्कलंक असले पाहिजे. ही अट आजही आपल्या बोलण्यात येते. एखाद्यावर अन्याय झाल्याची बातमी आली की त्याच्या वागण्यातल्या चुका शोधल्या जातात. साहित्याला ही अट मोडायला काही दशके लागली.

३. उपवासाचे दूध

ओडिया लेखक फकीरमोहन सेनापती यांची ‘छ माण आठ गुंठ’ १८९७ ते १८९९ या काळात ‘उत्कल साहित्य’ मासिकातून क्रमशः आली आणि १९०२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. जमीनदार रामचंद्र मंगराज हा भगिया आणि सारिया या विणकर जोडप्याची जमीन गिळंकृत करतो. तेवढ्याच जमिनीचे माप म्हणजे कादंबरीचे नाव.

फकीरमोहन मंगराजला थेट दुष्ट म्हणत नाहीत. उलट निवेदक त्याची स्तुतीच करतो. मंगराज किती धार्मिक, वर्षातल्या सगळ्या एकादश्या कशा कडकडीत पाळतो, हे तो मोठ्या आदराने सांगतो. मग सहज बोलता बोलता कळते, की त्याच्या न्हाव्याच्या तोंडून एक गोष्ट निसटली आहे. एकादशीच्या रात्री मंगराजच्या खोलीत दुधाचे मोठे भांडे आणि केळी ठेवलेली असतात.

लेखनाच्या दृष्टीने हा मोठा धडा आहे. ‘तो ढोंगी होता’ हे वाक्य वाचक विसरतो. दुधाचे भांडे विसरत नाही. दोष विशेषणात ठेवू नका, वस्तूत आणि कृतीत ठेवा.

४. बिनोदिनी आणि होरी

रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘चोखेर बाली’ १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली. बिनोदिनी ही तरुण विधवा आहे, म्हणजे आधीच्या कादंबऱ्यांच्या हिशेबाने तिने फक्त सोसायला हवे. पण तिला मत्सर वाटतो. ज्या महेंद्रने तिला न पाहताच नकार दिला, त्याचाच सुखी संसार तिला रोज समोर दिसतो. घर नीट ठेवणे, आजाऱ्याची सेवा करणे, लिहिणे-वाचणे या सगळ्यांत ती तरबेज आहे आणि याच गुणांनी ती महेंद्रला ओढून घेते. तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या आशाचा संसार त्यात होरपळतो. तिचे हुनर आणि तिचा अपराध वेगळे काढता येत नाहीत. तरी वाचक तिचा तिरस्कार करू शकत नाही, कारण इतक्या गुणांना त्या समाजाने दुसरी जागाच ठेवलेली नव्हती.

प्रेमचंदांचा ‘गोदान’ १९३६ मध्ये आला. होरी हा कर्जात बुडालेला शेतकरी. त्याला निर्दोष दाखवणे सोपे होते आणि वाचकाची सहानुभूतीही मिळाली असती. प्रेमचंदांनी तसे केले नाही. होरी भोलाला पुन्हा लग्न जुळवून देण्याची आशा दाखवून त्याच्याकडून गाय मिळवतो. बांबूच्या सौद्यात भावांच्या वाट्याचे थोडे पैसे लपवायचा बेत करतो आणि स्वतःच फसतो. त्याचा भाऊ हीरा गाईला विष घालतो. होरीने त्याला गोठ्याजवळ पाहिलेले असते. पण धनिया जाब विचारते, तेव्हा भावाला वाचवण्यासाठी होरी आपल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतो. धनियावर तो हातही उचलतो.

हा प्रसंग नीट पाहा. होरी खोटे बोलतो ते लोभापायी नव्हे. घराण्याची अब्रू आणि भावाविषयीची माया हे त्याचे सगळ्यांत चांगले गुण आहेत आणि खोटेपणा त्यांतूनच येतो. किंमत मात्र खरे बोलणारी धनिया मोजते. अब्रू सांभाळता सांभाळता होरी कर्जात अधिक रुततो, शेवटी मजुरीवर जातो आणि तिथेच कोसळतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. होरीचे दोष काढून टाकले, तर काय उरेल? एक गरीब शेतकरी, ज्याच्यावर दया येते. दोषांसकट तो होरी आहे. गरिबाला लबाडी करता येते, चुकता येते आणि तरीही त्याच्यावर होणारा अन्याय तेवढाच खरा राहतो. निष्कलंक असण्याची अट प्रेमचंदांनी इथे मोडली.

५. शाफ्टची खाच

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून एक उदाहरण माझ्या विषयातले देतो. यंत्राच्या फिरत्या शाफ्टवर पुली पक्की बसावी म्हणून शाफ्टमध्ये एक खाच कापतात. तिला की-वे म्हणतात. ती नसेल तर पुली घसरेल आणि शक्ती पुढे जाणार नाही. पण ताण गोळा होतो तोही त्या खाचेच्या कोपऱ्यांत. वर्षानुवर्षे फिरून शाफ्ट तुटला, तर तडा बऱ्याचदा तिथूनच सुरू झालेला सापडतो. ज्या जागेमुळे शाफ्ट कामाचा झाला, तीच त्याची कमकुवत जागा.

लक्षात राहणाऱ्या पात्राचा दोष असाच असतो. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकर घ्या. हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. सुधाकर बुद्धिमान आणि मानी वकील आहे. त्याचा मानीपणा हीच त्याची शान. न्यायालयातला अपमान त्याला सोसत नाही तो त्या मानीपणामुळेच आणि तिथूनच तो पहिल्या प्याल्याकडे जातो. कमी स्वाभिमान असलेला वकील कदाचित दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागला असता. त्याचे दारूचे व्यसन हा वरवर दिसणारा तडा आहे. खाच त्याच्या अभिमानात आहे. आणि इथेही भोगावे लागते ते सिंधूला.

६. दोष नक्की कोणाचा?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न आणखी धारदार झाला. १९६३ मध्ये बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. त्यातल्या याच नावाच्या कथेत नोकरीसाठी परगावी गेलेला दलित तरुण राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. तो खोटे बोलतो हे उघड आहे. पण कथा वाचताना प्रश्न उलटतो. खरे बोलल्यावर ज्या गावात छप्पर मिळत नाही, तिथे खोटेपणा नक्की कोणाच्या नावावर लिहायचा?

विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यावर बंदी घातली गेली आणि लढा न्यायालयात गेला. सखाराम नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरात आणतो आणि आपल्या अटींवर ठेवतो. वाचकाला धक्का त्याच्या रांगडेपणाचा बसतो. त्याहून खोल धक्का लक्ष्मी देते. ती देवभोळी आहे, सोशिक आहे, मुंग्यांशीही मायेने बोलते. पण डोक्यावरचे छप्पर जाईल या भीतीने ती चंपाचे गुपित सखारामला सांगते आणि चंपाचा जीव जातो. सोसणारे माणूसही क्रूर होऊ शकते, हे यमुनेच्या काळात लिहिता आले नसते.

७. लिहिताना आणि वाचताना

या इतिहासातून तुमच्या लेखनासाठी तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, दोष पात्राच्या सर्वांत चांगल्या गुणातून उगवलेला आहे का? दुसरी, त्या दोषाची किंमत कोण मोजते? कोणीच मोजत नसेल, तर तो दोष नसून नुसती लकब आहे. तिसरी, दोष कृतीतून दिसतो की तुम्ही तो सांगता?

चौथी कसोटी वाचकासाठीही आहे. तुमच्या कथेत गुंतागुंतीचे दोष कोणाला मिळाले आणि कोणाला फक्त चांगुलपणा मिळाला, ते मोजून पाहा. घरकाम करणारी बाई, आजी, खेड्यातला मित्र ही पात्रे केवळ प्रेमळ असतील, तर तुम्ही त्यांना अजून माणूस म्हणून पाहिलेले नाही.

विचार करा

१. तुमच्या मातृभाषेतील एक असे पात्र निवडा, ज्याचा गुण आणि दोष एकच आहे. तो गुण काढून टाकला तर कथेतला कोणता प्रसंग घडणार नाही?

२. होरीच्या खोट्या शपथेचा प्रसंग धनियाच्या बाजूने एका पानात लिहा. तिच्याही एका दोषाला त्यात जागा द्या.

३. तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचा जो स्वभाव तुम्हाला खुपतो, तो त्याच्या कोणत्या चांगल्या गोष्टीतून आला असेल? उत्तर कोणाला दाखवू नका. तेच तुमच्या पुढच्या पात्राचे पहिले टिपण आहे.