मिठागरातली विटकरी पाखरं

नेरूळहून उरणला गाडी काढायची ती एप्रिलच्या सुरुवातीला. मे उजाडला की उशीर. हिवाळाभर करडी, ओळखताना डोकं फिरवणारी बाकचोच तुतारी तेव्हा विटकरी होते आणि सैबेरियाची वाट धरते. इथल्या खाजणांत आगऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून मीठ पिकवलं. त्याच उथळ पाण्यावर ही पाखरं पोसली. 1970 ला नवी मुंबई वसवणारी सिडको आली, 1989 ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. बरीच मिठागरं भरावाखाली गेली. माझ्या जुन्या फोटोतल्या एका बांधावर आज कंटेनर उभे आहेत. शेकाट्या मात्र चिवट, उन्हाळ्यातही हटत नाही. फोटो हवा असेल तर भरतीला जा. ओहोटीला पाखरं दूर चिखलात पांगतात. आणि गाडीतूनच टिपा, उतरलात की उडालीच.