गोठवलेल्या रक्ताची साक्ष

आम्ही चोरखमाऱ्याच्या गटातल्या बाया बोलतोय. गरोदरपणी दवाखान्यात हातातून रक्त काढतात, नळीत भरतात आणि आपण घरी येतो. पुढं त्या रक्ताचं काय होतं, हा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला. त्याचा इतिहास आज सांगतो.

सुरुवात मुंबईची. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तिथं आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायांचं रक्त गरोदरपणात फार कमी व्हायचं, काहींचा जीवही जायचा. यीस्टचा अर्क दिला की त्या सुधारतात, हे तिनं १९३१ साली छापून दाखवलं. त्या अर्कातला गुण कशाचा, हे पुढं कळलं. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो घटक काढला आणि त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. आपल्या लाल गोळीत लोहासोबत असतं, तेच हे. बी-१२ जीवनसत्त्व १९४८ साली हाती आलं. विल्सच्या काळी मात्र रक्त वर्षानुवर्षं राखून ठेवायची सोय नव्हती.

ती सोय पुण्याच्या कामी आली. १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच बाया. त्यांचं रक्त उणे ८० अंशांवर गोठवून ठेवलं. बी-१२ त्यातून बऱ्याच वर्षांनी मोजलं.

इथं आम्हाला शंका आली. मोहफुलं नीट वाळवली नाहीत तर कुजतात, मग रक्त कसं टिकतं? तर सगळी जीवनसत्त्वं सारखी टिकत नाहीत. क जीवनसत्त्व सगळ्यात नाजूक. रक्तात लगेच खास आम्ल मिसळलं नाही तर ते झपाट्यानं नासतं. फॉलिक ॲसिडच्या घराण्यातलं फोलेटही साध्या बर्फपेटीत हळूहळू घटतं. अ जीवनसत्त्वाला उजेड सोसत नाही. बी-१२ आणि ड त्या मानानं चिवट. पण नळी पुन्हापुन्हा वितळली, किंवा रक्तातलं पाणी वेगळं करायला उशीर झाला, तर आकडा चुकतो. मग बाईच्या अंगात कमतरता होती की नळीत नासधूस झाली, ते कळत नाही. म्हणून नळीवर नाव, तारीख आणि थंडी, तिन्ही सांभाळावं लागतं.

पुण्यात ते सांभाळलं, म्हणून मोठी गोष्ट उजेडात आली. निम्म्याहून जास्त बायांत बी-१२ कमी होतं, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. ज्यांच्या आईत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांच्या अंगात इन्सुलिन सगळ्यात कमी लागू पडत होतं. पुढं मधुमेहाकडं नेणारी ही वाट. हा निष्कर्ष २००८ साली छापून आला. रक्त देताना त्या आयांनाही हे ठाऊक नव्हतं.

याचा अर्थ लाल गोळी सोडायची असा मुळीच नाही. ती घ्यायचीच. सोबत बी-१२ हवं, आणि ते पालेभाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मटण, आपल्या तलावातली मासळी, यांतून मिळतं. घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेला रस्सा खाणाऱ्या बाईच्या वाट्याला मासळीचा तुकडा येतो का, हे आपणच पाहायचं.

आणि रक्त देताना विचारायचं: कशासाठी घेता? ठेवणार का? किती दिवस? निकाल आम्हाला सांगाल का? रक्त आपलं आहे. विचारण्यात लाज कसली, बायांनो?