आजीचं वजन कोणी केलं?



संक्रांतीला आमच्या बचत गटाच्या बाया एका वृद्धाश्रमात गेल्या होत्या. अर्धापूरच्या बायांनी दुसरं काय न्यावं? केळी नेली, बिस्किटांचे पुडे नेले. एका आजींनी केळं घ्यायला हात वर केला आणि त्यांची बांगडी घसरत थेट कोपराशी गेली. "ही भरताना हाताला साबण लावावा लागायचा," त्या म्हणाल्या. उपाशी राहते, अशी त्यांची तक्रार नव्हती. दोन वेळा पोट भरत होतं. मग अंगावरचं मांस गेलं कुठं?

यासाठी थोडं मागं जाऊ. १९७२ चा दुष्काळ आपल्या सासवांनी पाहिला. खडी फोडली की मजुरी मिळायची, सुकडी मिळायची. ज्यांच्या हातून खडी फुटत नव्हती, ते म्हातारे घरच्यांच्या घासावर जगले. १९७५ साली देशात अंगणवाडी योजना सुरू झाली आणि लेकराला काट्यावर ठेवायची रीत पडली. २००५ साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, तेव्हा लेकरांच्या कुपोषणाकडं आणखी बारीक लक्ष गेलं.

म्हाताऱ्यांसाठीही सरकारनं केलं. १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली. १९९५ च्या सुमारास मातोश्री वृद्धाश्रम आले. २००० साली अन्नपूर्णा योजनेतून, पेन्शन न मिळणाऱ्या निराधार वृद्धांना महिन्याला १० किलो धान्य ठरलं. २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद झाली. पैसा आला, छप्पर आलं, धान्य आलं. लेकराचा तो काटा मात्र आजीपर्यंत पोचला नाही.

म्हातारपणी झिजायचंच, असं सगळे धरून चालले. १९८९ साली अमेरिकेतले डॉक्टर आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला नाव दिलं, सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांस कमी होणं. दात गेले की ताटात मऊ भात आणि पातळ वरण येतं. पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. मग शरीर स्वतःचेच स्नायू खातं. हालचाल नसली तर झीज वाढते. पाय लटपटतात, माणूस पडतं, खुबा मोडतो. अंथरुणाला खिळलं की उरलेलं मांसही झपाट्यानं जातं.

वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागं दिवसाला निदान १ ग्रॅम प्रथिनं लागतात. ४५ किलोच्या आजीला ४५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधातही तेवढीच. आम्ही नेलेल्या केळ्यात जेमतेम १! मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या खेपेला आम्ही उकडलेली अंडी, फुटाण्याचं पीठ आणि शिंप्याचा टेप नेला. पोटरीच्या सगळ्यात जाड भागाला टेप गुंडाळायचा. बाईची ३३ आणि पुरुषाची ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर डॉक्टरांना दाखवायचं. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेलं हे माप आहे. जमेल त्यांना आधार देऊन खुर्चीवरून रोज काही वेळा उठायला-बसायला लावायचं. स्नायूंना घासही लागतो आणि कामही.

हे फक्त वृद्धाश्रमातच घडतं असं नाही. आज घरी गेल्यावर सासूबाईंच्या हातातली बांगडी कुठवर सरकते, तेवढं बघा.