खांदेरीची रसद

ठाण्यास वागळे इस्टेटींत राहणाऱ्या आम्हांस खाडी दूर नाहीं, आणि ती पाहतांना एक विचार वारंवार मनांत येतो. शिवछत्रपतींनीं इ. स. १६५७ त कल्याण-भिवंडी घेतली व पुढें तेथें जहाजें बांधविलीं. परंतु कल्याणाहून समुद्रास मिळण्याच्या वाटा दोनच : एक वसईच्या मुखानें, दुसरी ठाण्यावरून, आणि दोहोंवरही फिरंगी बसलेला. बंदर आपलें, वाट परक्याची, असा हा प्रकार होता.

त्याचा प्रत्यय इ. स. १६७९ त, म्हणजे शके १६०१ त, आला. खांदेरीवरून इंग्रजांशीं बिघाड झाला असतां कल्याण-भिवंडीस सुमारें चार हजार लोक जमवून ठाण्यावरून मुंबईवर उतरण्याचा बेत झाला. वसईच्या फिरंगी अधिकाऱ्यानें वाट नाकारिली, व लोकांस पनवेलीकडे वळावें लागलें.

मग खुद्द खांदेरी कशी टिकली? थळच्या समोरील त्या ओसाड बेटावर ना धक्का, ना गोदी, ना कोठार. मायनाक भंडारी दीडशें माणसें व चार लहान तोफा घेऊन तेथें उतरला, आणि इंग्रजांचीं गलबतें बेटाभोंवतीं घिरट्या घालीत असतांही तटाचें काम चालूच राहिलें. आमच्या ग्रंथकारांनीं १८ आक्टोबरच्या आरमारी झुंजीचें वर्णन भरपूर केलें आहे. आम्हींही शाळेंत वर्षानुवर्षें तेवढेंच शिकविलें, हें कबूल केलें पाहिजे. त्या दिवशीं दौलतखानानें इंग्रजांचें डोव्हर गलबत धरलें हें खरें; पण केग्विनच्या रिव्हेंजपुढें आपलें आरमार नागोठण्याच्या खाडीकडे हटलें, हेंही तितकेंच खरें. तेव्हां खांदेरी राखिली ती त्या झुंजीनें नव्हे, असें आमचें मत आहे. ती राखिली लहान होड्यांनीं. थळच्या वाळूवरून भरावें, रात्रीं वल्हवीत निघावें, खडकांशीं लागून माल उतरावा आणि उजाडण्यापूर्वीं परतावें. मोठ्या गलबतास वारा व खोल पाणी लागतें. होडीस दोन्ही नको. वारा पडला कीं पाठलाग करणारा जागींच डोलत राही. इ. स. १६८० च्या जानेवारींत इंग्रजांनीं तह करून वेढा उठविला.

इ. स. १६४४ त नव्हे, इ. स. १९४४ त नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर इंग्रज-अमेरिकनांनीं तयार बंदरेंच समुद्रावरून ओढून नेलीं; त्यांपैकीं अमेरिकनांचें जून महिन्यांतील वादळानें मोडलें, आणि तेथेंही अखेर उघड्या वाळूवरच माल उतरला!

कौटिल्यानें नावध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे, परंतु त्यांत भर जकातीवर व उतारांवर. धक्क्याविना दाणागोटा कसा उतरावा याचा विचार तेथें नाहीं. महाराजांस मात्र त्याची जाणीव पक्की होती. पद्मदुर्गाच्या कामीं दौलतखान व दर्यासारंग यांस नेमलेला ऐवज व गल्ला देण्यांत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यानें दिरंगाई केली, तेव्हां इ. स. १६७५ त त्यास आलेलें खरमरीत पत्र वाचकांच्या परिचयाचें आहेच. गनिमाशीं लढण्यांत नव्हे, धान्य न पोंचविण्यांत त्याचा अपराध होता.

असें असून आपल्या संग्रहांत सनदा व महजर जपले जातात, आणि गल्ल्याचे जमाखर्च, नावाड्यांच्या मजुरीचीं फुटकळ टिपणें रद्दींत निघतात. थळ, चौल, नागांव, पनवेल या बाजूच्या दप्तरांत असे बंद ज्यांस आढळतील, त्यांनीं ते फेंकण्यापूर्वीं निदान नक्कल तरी करून ठेवावी.