सुरतेहून डोंगरात गेलेले कापड

सुरत म्हटले की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. जानेवारी १६६४. शाळेच्या पुस्तकापासून आपण ती ऐकत आलो आहोत. शिवाजी महाराज आले, शहर लुटले, इंग्रज आणि डच आपापल्या वखारींच्या भिंतींआड बसून राहिले, आणि वीरजी व्होरासारख्या नामांकित सावकाराचा वाडा रिकामा झाला. लुटीत सोने किती, मोती किती, याची चर्चा आपण चवीने करतो. पण एवढे धन सुरतेत साठले कशाच्या बळावर, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तर शोधायला बसलो आणि इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या पोटातल्या डोंगराळ खेड्यांपर्यंत जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांतून.

वीरजी व्होरा मिरी आणि लवंग यांचा मोठा घाऊक व्यापारी होता. आता लवंग काही तापीच्या काठी पिकत नाही. ती यायची मोलुक्का बेटांतून, आणि जायफळ त्यांच्याच दक्षिणेच्या बांदा बेटांवरून. त्या बेटांवरच्या लोकांना चांदीच्या नाण्यांचे फारसे अप्रूप नव्हते. नाणे खाता येत नाही, नेसता येत नाही. त्यांना हवे असायचे कापड. तेही कुठलेही चालत नसे, गुजरातचे किंवा चोलमंडल किनाऱ्याचे हवे असे. लाल-निळ्या रंगाचे, धुतल्यावर न उतरणारे. मसाल्याच्या बेटांवर कापड हेच चलन होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही गोष्ट आपल्या पोर्तुगिजांना लवकर कळली होती. १५१० साली गोवा घेणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कने दुसऱ्याच वर्षी मलाक्का घेतले. आपण गोव्याचा इतिहास वाचताना मांडवीवर थांबतो, पण त्याच्या डोक्यात गोवा आणि मलाक्का ही एकाच साखळीची दोन कडी होती. मलाक्का घेतल्यावर काही महिन्यांतच तिथे पोचलेल्या तोमे पिरेसने लिहून ठेवले आहे की खंबायत, म्हणजे गुजरात, आपला एक हात एडनपर्यंत आणि दुसरा मलाक्कापर्यंत पसरून बसली आहे. त्याच काळातला दुआर्त बार्बोझा सुरतेसमोरच्या, तापीच्या पलीकडच्या रांदेर गावाचे वर्णन करतो. तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांची जहाजे मलाक्का, पेगू, सुमात्रापर्यंत जात. १५३० मध्ये पोर्तुगिजांनी सुरत आणि रांदेर दोन्ही जाळली. सुरतेचा किल्ला त्यानंतर, १५४०च्या दशकात, याच पोर्तुगिजांच्या भीतीने उभा राहिला. म्हणजे सुरतेने पहिला मोठा दणका गोव्याच्या राज्यकर्त्यांकडून खाल्ला, राजगडाकडून नंतर. मराठी पुस्तकांत हे क्वचितच येते.

त्या रांदेरचा एक माणूस तर शतकभराने सुमात्राच्या राजदरबारात मानाला चढला. नूरुद्दीन अर-रानिरी. 'रानिरी' म्हणजे रांदेरचा. १६३७ ते १६४४ तो आचेच्या सुलतानाचा धर्मपंडित होता, मलय भाषेत मोठे ग्रंथ लिहिले, आणि शेवटी परत येऊन १६५८ मध्ये वारला. पण तो बंदराचा माणूस, दरबाराचा माणूस. मला बोलायचे आहे ते बंदरापासून दूर, डोंगरात गेलेल्या कापडाविषयी.

ते कापड तयार कसे होई ते थोडे सांगितले पाहिजे. आधी जाडसर सुती कापड हरड्याच्या पाण्यात बुडवून काढायचे. मग लाकडी ठशांनी त्यावर तुरटीचे पाणी छापायचे. हे छापलेले डोळ्यांना धड दिसतही नाही. काळ्या रेघेसाठी लोखंडाचा गंज आंबवून त्याचे पाणी. नंतर सगळे कापड आल किंवा मंजिष्ठ यांच्या मुळांच्या काढ्यात उकळायचे. जिथे तुरटी लागली तिथे लाल रंग धरतो, जिथे लोखंड तिथे काळा, बाकीचे नदीत धुऊन उन्हात वाळवले की पुन्हा पांढरे. निळा हवा असेल तर मेण लावून जागा राखायच्या आणि निळीच्या हौदात बुडवायचे. हे काम छिपे आणि खत्री करीत. (गुजरात-राजस्थानातले बरेच छिपे आपल्या नामदेवांना कुळपुरुष मानतात, हे वाचून मला मौज वाटली होती. शिंप्याचा संत ठसेवाल्यांकडे गेला.) या छापील कापडाला आपण चीट म्हणतो. पोर्तुगिजांनी त्याचे 'शीता' केले, आणि मलय भाषेतही 'चिता' म्हणजे छापील सुती कापडच. एका बारक्या शब्दाने अर्धे जग फिरून घेतले.

जुन्या काळी हे कापड खंबायतेहून जाई. खंबायतेचे आखात गाळाने भरत गेले आणि सतराव्या शतकात सगळा व्यापार सुरतेकडे आला. डचांनी १६१६च्या सुमारास इथे बस्तान मांडले. मोठी जहाजे तापीत येत नसत, ती समुद्रावर सुंवालीला नांगरून राहत आणि गठ्ठे होड्यांनी खाली जात. डच कंपनीचा ठसा, तीन अक्षरे एकात एक गुंफलेला, कापडाच्या टोकाला शाईने मारला जाई. हा ठसा लक्षात ठेवा. गठ्ठे बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, आणि तिथून मकासारला जात.

मकासारच्या राज्याचे नाव ऐका: गोवा. आज 'गोवा' उच्चारासाठी मध्ये 'डब्ल्यू' घालतात, पण जुन्या डच कागदांत आणि नकाशांत ते सरळ आपल्यासारखेच लिहिलेले सापडते. आपल्या गोव्याशी त्याचा काही संबंध नाही, पण नकाशा चाळताना पहिल्यांदा दिसले तेव्हा मी दचकलोच. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतल्यावर तिथले पुष्कळ पोर्तुगीज व्यापारी या दुसऱ्या गोव्याच्या आश्रयाला गेले. १६६७ मध्ये तिथल्या सुलतान हसनुद्दीनला डचांपुढे तह करावा लागला आणि पोर्तुगिजांना तेही बंदर सोडावे लागले.

मकासारहून उत्तरेला तीनशेहून जास्त किलोमीटर आत गेले की तोराजांचा डोंगराळ मुलूख लागतो. 'तोराजा' हे नाव किनाऱ्यावरच्या बुगी लोकांनी दिलेले: वरच्या अंगाचे लोक. आपण गोव्यात 'घाटी' म्हणतो ना, तशातलाच सूर. भाताची खाचरे, म्हशी, आणि होडीसारखी दोन्ही टोके उंचावलेल्या छपरांची लाकडी घरे. १९०५-०६ पर्यंत डच फौजा तिथे चढल्याच नव्हत्या. म्हणजे ज्यांनी कापड आणले ते गोरे इथे पोचले कापडानंतर तीनशे वर्षांनी. त्याआधी कापड वर नेत असत ते बुगी व्यापारी. बदल्यात खाली काय यायचे? रानातला माल, पुढे कॉफी, आणि माणसे. गुलाम म्हणून विकलेली माणसे. एकोणिसाव्या शतकात तर हा व्यापार फार बोकाळला होता. सुरतेच्या सुंदर कापडाची गोष्ट सांगताना ही बाजू गाळणे बरे नव्हे.

वर पोचल्यावर त्या कापडाचे जे झाले ते मात्र सुरतेत कुणाच्या स्वप्नातही आले नसते. कापड नेसले गेले नाही. ते देवघरात गेले. तोराजा या कापडांना 'माआ' म्हणतात, आणि लांब अरुंद पट्ट्यांना 'सारिता'. घराण्याच्या मूळ घरात ती जपून ठेवतात. त्यांच्या धर्मात धूर वर जाण्याचे विधी आणि धूर खाली उतरण्याचे विधी असे दोन भाग आहेत. पहिले जगण्याचे, पिकाचे, घराच्या भरभराटीचे, दुसरे मरणाचे. माआचे खरे स्थान पहिल्यात. विधीच्या दिवशी ती बाहेर काढायची, घरावर टांगायची, अंगाखांद्यावर घ्यायची. तिच्यामुळे भात पिकते आणि म्हशी वाढतात अशी श्रद्धा. काही कापडांना स्वतःची नावे आहेत. माणसाच्या हातची म्हणून ती ओळखली जात नाहीत, पूर्वजांबरोबर आभाळातून उतरलेली मानतात. आपल्याकडे देवीच्या अंगावरची साडी प्रसाद म्हणून घरी आली तर ती रोजच्या वापरात जात नाही. तसेच काहीसे, पण कितीतरी पिढ्या चाललेले.

पुढे तोराजांनी स्वतःही माआ रंगवल्या. त्यांत गुजराती वेलबुट्टीऐवजी म्हशींचा गोठा, खाचरातले बेडकांचे पिल्लू असे आले. मागणी बघून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या कारखान्यांनीही नकली सारिता छापून पाठवल्या. त्याही घरांनी तितक्याच भक्तीने ठेवल्या.

आता खरी गंमत. कैरोजवळच्या जुन्या फुस्तात शहराच्या उकिरड्यांतून गेल्या शतकात हजारो चिंध्या निघाल्या. त्या भारतीय छापील कापडाच्या होत्या. एकट्या न्यूबेरी यांनी जमवलेल्या बाराशेवर चिंध्या ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहेत. फ्रेंच अभ्यासक फिस्टर यांनी १९३८ मध्ये अशा तुकड्यांवर पुस्तक लिहून त्यांचे गुजरातशी नाते दाखवले. पण चिंधी ती चिंधी. वीतभर तुकड्यावरून सगळे कापड कसे होते ते कळेना. ते कळले तोराजांच्या घरांतून. हंसांच्या रांगा, तीच वेल, तीच काठाची नक्षी, पण इथे कापड अख्खे, पाच-पाच मीटर लांब. कार्बन चाचणी केली तर त्यांतली काही चौदाव्या-पंधराव्या शतकांतली निघाली. म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरण्यापूर्वीची. ती खंबायतेची, हे उघड आहे. त्यानंतरच्या कापडांच्या टोकाला डचांचा तो ठसा सापडतो, ती पुढच्या काळातली. एडनकडचा हात आणि मलाक्काकडचा हात, पिरेसने म्हटलेले दोन्ही, एकाच ठशाच्या कापडाने असे जुळले.

मग गुजरातमध्ये असे कापड का नाही उरले? याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. आपण कापड वापरतो. साडी विटली की तिची गोधडी होते, गोधडी झिजली की बाळाची दुपटी, मग लादी पुसायचे फडके. यात वाईट काहीच नाही, मला तर ही रीत आवडते. पण तीनशे वर्षांनी हाती काही लागत नाही. ज्यांना कापड रोज मिळत होते त्यांनी ते संपवले, ज्यांना ते पिढीतून एकदा मिळाले त्यांनी पुजले.

आज बहुतेक तोराजा ख्रिस्ती आहेत. जुना धर्म, 'अलुक तो दोलो', १९६९ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने हिंदू धर्माची शाखा म्हणून नोंदला. ते वाचून आपल्याकडे कुणी लगेच छाती फुगवू नये. तिथे तेव्हा नागरिकाला मान्यताप्राप्त धर्म लागे, त्याची ती सोय होती. धर्म बदलला, विधी कमी झाले, आणि अंत्यविधीचा म्हशींचा खर्च मात्र चढत गेला. १९७०च्या दशकानंतर जुन्या वस्तूंचे दलाल डोंगरात पोचले. आभाळातून उतरलेली कापडे पैशाला उतरली. कुणी विकली, का विकली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपणही देवळांतल्या जुन्या लाकडी मूर्ती आणि कोरीव खांब कुठे गेले ते आठवावे.

त्यांतली काही कापडे लंडनला गेली, काही ऑस्ट्रेलियाला. आणि काही सुरतेला. गार्डन साड्यांमुळे घराघरांत माहीत झालेल्या घराण्यातले प्रफुल्ल आणि शिल्पा शहा यांनी जुन्या भारतीय वस्त्रांचा एक संग्रह उभा केला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेले नाव, तापी. नदीचे नाव. रूथ बार्न्स, स्टीव्हन कोहेन आणि रोझमेरी क्रिल यांनी या संग्रहावर लिहिलेले जाडजूड पुस्तक २००२ मध्ये निघाले. त्यात इंडोनेशियासाठी बनलेली आणि सुलावेसीत सापडलेली कापडे आहेत. कृत्रिम धाग्याच्या साड्या छापून नाव काढलेल्या शहराने आपलेच सुती कापड शेकडो वर्षांनी पैसे मोजून परत घेतले.

त्या सुरतेत आज मराठी माणूस लुटायला जात नाही. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात आणि यंत्रमागांवर, साड्यांच्या छपाईत, डाईंगच्या कारखान्यांत राबतात. तिथे दिवसाला किती मीटर कापड निघते याचा हिशोब गिरणीच्या वहीत असतो. डचांच्या वहीतही असाच असे: इतके गठ्ठे, इतका दर, अमुक जहाज. छापणाऱ्याचे नाव कुठेच नाही. कापडाला नाव मिळाले ते पलीकडे, तोराजांच्या घरात.