भाव काय निघाला?

पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, सकाळी यवतमाळला उतरायचं आणि तिथून एस.टी.ने घाटंजी. नोकरी लागल्यापासून दर दिवाळीला हा प्रवास ठरलेला. घाटंजीच्या स्टँडवर उतरलं की घरी जायच्या आधी हॉटेलात एक आलूबोंडा आणि कट चहा, हेही ठरलेलं. (आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा-नाश्त्याचं दुकान. राहायची सोय असते ते लॉज!) बाबा तिथेच असतात. घ्यायला येतात असं म्हणतात, पण मी येणार नसलो तरी ते तिथेच असतात हे मला पक्कं ठाऊक आहे.

२०२५ च्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा बाबांच्या खिशात मीच दिलेला फोन होता. त्यात बाजारभावाची दोन ॲप, चार व्हॉट्सॲप ग्रुप आणि मी टाकून दिलेला न्यूयॉर्कच्या कापूस वायद्याचा ग्राफ. एवढं सगळं असून टेबलावर बसल्या बसल्या त्यांनी शेजारच्या काकांना पहिला प्रश्न टाकला, "काय भाव निघाला आज?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, मोबाईलवर आहे ना!"

बाबा चहा बशीत ओतत म्हणाले, "मोबाईलवरचा भाव मोबाईलले भेटते बाबू. आपल्याले काय भेटते, थे इथंच समजते."

मी हसलो खरा, पण ते वाक्य परतीच्या प्रवासात डोक्यातून जाईना. आम्ही आयटीवाले एक गोष्ट गृहीत धरून चालतो. माहिती स्वस्त झाली, वेगात पोचली, की माणसाचं भलं होतं. मग आमच्या घरात तीन पिढ्यांमध्ये माहिती किती वेगात आली आणि त्याने नेमकं काय झालं? पुढचे दोन वीकेंड त्यातच गेले.

सुरुवात बरीच मागून करावी लागेल. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव आकाशाला भिडले. मग युद्ध संपल्याची बातमी आली आणि मुंबईत सट्टेबाजांसकट बँका कोसळल्या. कापसाचा भाव ही सात समुद्रापलीकडून येणारी गोष्ट आहे, हे आपल्या भागाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. १८७० साली व्हाईसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे शाखा सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली. म्हणजे लिव्हरपूलचा भाव खामगावच्या व्यापाऱ्याला तारेने कळू लागला. त्या काळाच्या मानाने हे ब्रॉडबँडच म्हणायचं!

पण ही तार व्यापाऱ्याच्या टेबलापर्यंत आली. बंडीवर कापूस घालून येणाऱ्या कास्तकारापर्यंत ती आली नाही. आणि आली असती तरी उपयोग काय? अनेकांचं पीक वावरात उभं असतानाच सावकाराच्या नावे लागलेलं असायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता एकदम शंभर वर्षं पुढे, आमच्या आबाजींच्या काळात येऊ. १९७१ च्या कच्चा कापूस कायद्याने महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून राज्यातला सगळा कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा असा नियम झाला. व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेरही न्यायचा नाही. पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा, म्हणजे तेव्हाचा आंध्र. तिकडे भाव चढा असला की रात्री गाड्या पलीकडे जायच्या आणि पोलीस त्या अडवायचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही बंदी मोडण्यासाठी आंदोलनं केली, ती याच काळात.

गंमत म्हणजे या तीस वर्षांत "भाव काय निघाला" हा प्रश्नच नव्हता. हमीभाव सरकार ठरवायचं आणि तो हंगामभर तोच. आबाजींचे प्रश्न वेगळे होते. ग्रेडर कोणती ग्रेड देईल? नंबर कधी लागेल? चुकारा कधी मिळेल? केंद्राबाहेर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. बैल सोडून बंडीखाली झोपायचं आणि दिवसा समोरच्या हॉटेलात बसायचं. तिथल्या रेडिओवर आकाशवाणी नागपूर लागलेलं असे. आबाजी सांगायचे, रांगेतल्या माणसाला हॉटेलवाला उधारी द्यायचा, कारण बंडीवरचा कापूस त्याला समोर दिसत होता. तारण ठेवून कर्ज, तेही आलूबोंड्याचं :)

फोन? तो गावात मोजक्या घरी. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. त्यात साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे प्रकार. 'लायटनिंग' म्हणजे वीज, आणि वाट बघायची खुर्चीत बसून.

इथे माझ्यातल्या इंजिनियरला थोडं विषयांतर करू द्या. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण तिथल्या तरुण इंजिनियरांनी काय केलं ते फार कमी जणांना ठाऊक आहे. परदेशी टेलिफोन एक्स्चेंजना एसी खोली लागायची. ती आपल्या खेड्यात कुठून आणणार? म्हणून त्यांनी १२८ लाईनचं छोटं, एसी नसतानाही धुळीत-उन्हात चालणारं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. पुढे नव्वदीत गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ उगवले, ते या अशा एक्स्चेंजांच्या जोरावर. आज आम्ही हिंजवडीच्या एसीत बसून "ग्रामीण युजर" वगैरे शब्द वापरतो, तेव्हा मला त्या बिनएसीच्या डब्याची आठवण येते.

आता बाबांचा काळ. २००२ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीची परवानगी मिळाली आणि एकाधिकार संपला. त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली होती. म्हणजे बियाणं नवं, बाजार नवा आणि भाव रोज बदलणारा. तीस वर्षांनी घाटंजीत पुन्हा तो प्रश्न उभा राहिला, "भाव काय निघाला?"

मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. बाबांचं बोट धरून हॉटेलशेजारच्या बूथवर गेल्याचं मला आठवतं. काचेचं दार, आत लाल आकड्यांचं मीटर. बाबा पांढरकवड्याच्या मामांना फोन करून भाव विचारायचे आणि नजर सगळी मीटरवर. "बरे हाय सगळे, ठेवतो" हे वाक्य इतक्या घाईत म्हणायचे की मामांचं "मुलं कशी आहेत" हवेतच राहायचं. निवांत बोलायचं तर रात्री अकरानंतर, पाव दरात. पण भाव काही रात्री अकराला निघत नाही!

मग २००३ आलं. मे महिन्यापासून मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी नोकिया ११०० बाजारात आला. धूळ शिरू नये असा कीपॅड, डोक्याला टॉर्च. जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेलेला तो फोन. आमच्या घरी आला तो सेकंडहँड. त्याची टॉर्च रात्री वावरात पाणी द्यायला जाताना जास्त वापरली गेली आणि फोन कमी. पण आता मामाच मिस्ड कॉल द्यायचे. एक रिंग म्हणजे भाव तोच, दोन रिंग म्हणजे वाढला. शून्य रुपयांत एक बिट माहिती! कॉलेजात इन्फर्मेशन थिअरी शिकताना मला हेच उदाहरण आठवायचं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी गेलो की हॉटेलातली सगळी डोकी स्क्रीनमध्ये. १८७० साली लिव्हरपूलची तार फक्त व्यापाऱ्याकडे होती, आता न्यूयॉर्कचा भाव बाबांच्या हातात होता. मला वाटलं, झालं! दीडशे वर्षांची लढाई जिंकली.

मग माझ्या हातून घडलेला किस्सा सांगतो. २०२१-२२ च्या हंगामात बाबांनी नेहमीप्रमाणे डिसेंबरात कापूस विकून टाकला. सोसायटीचं कर्ज होतं, वेचाईचे पैसे द्यायचे होते. पुढे मे महिन्यापर्यंत राज्यात काही बाजारांत भाव १२,००० च्या वर गेला. मी पुण्यात बसून ग्राफ बघत हळहळलो. पुढच्या वर्षी मीच जोर धरला, "बाबा, या वेळी थांबा. घरखर्चाला मी पैसे पाठवतो." नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये भाव ९,००० च्या आसपास होता. बाबांचं मन विकायचं होतं. मी म्हटलं थांबा.

ते थांबले. नुसते आम्हीच नाही, सगळा विदर्भ थांबला होता, कारण सगळ्यांकडे तोच ग्राफ होता! घराघरांत माळ्यापर्यंत कापूस रचलेला. उन्हाळा लागला तसा त्या कापसाने अंगाला खाज सुटायला लागली. आईच्या हातापायावर पुरळ उठलं आणि ती अंगणात झोपायला लागली. भाव मात्र उतरतच गेला. शेवटी जूनमध्ये पेरणीला पैसे हवेत म्हणून बाबांनी विकला तेव्हा ७,००० च्या आत-बाहेर होता. क्विंटलमागे दोन हजारांचा फटका, आणि सल्लागार अस्मादिक. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

पुढे वाचताना दोन अभ्यास सापडले. पहिला रॉबर्ट जेन्सनचा, २००७ चा. उत्तर केरळात १९९७ ते २००१ मध्ये मोबाईल आले तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदराला भाव आहे ते विचारू लागले. त्यांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाईकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. वा! पण दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला. २००७ पासून इथे एसएमएसवर बाजारभाव देणारी एक सेवा चालायची. फाफशाम्प्स आणि मिंटेन या संशोधकांनी १०० गावांत ती तपासली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापला. कांदा, टोमॅटो, डाळिंब अशा पिकांत एसएमएस मिळणाऱ्या शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात दखल घ्यावी इतका फरक पडला नव्हता.

फरक कुठे आहे? माझं मत सांगतो. केरळच्या मच्छीमाराची होडी पाण्यातच असते, वल्हं फिरवलं की दुसरं बंदर. आमच्या बाबांचा कापूस घरात, गाडीभाडं खिशातून, आणि डोक्यावर देणेकऱ्याची तारीख. भाव कळणं वेगळं आणि त्या भावापर्यंत पोचणं वेगळं. १८७० मध्ये तार आली तरी वावरातला कास्तकार जिथे होता तिथेच राहिला, तो याच कारणाने.

आणि माझ्या सल्ल्याने थांबायची ऐपत आली, तरी जोखीम बाबांचीच राहिली. ग्राफ मागचं सांगतो, पुढचं नाही. शेअर बाजाराच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तेच. मी ते स्वतःच्या पैशाच्या वेळी वाचतो, बाबांच्या कापसाच्या वेळी विसरलो.

मग हॉटेलात काय कळतं? त्या दिवशी मी मुद्दाम कान देऊन बसलो. कोण ओलाव्याचं किती कापतोय. कुठल्या काट्यावर वजन बरोबर येतं. कोण नगदी देतो आणि कोण "पुढच्या मंगळवारी" म्हणतो. कुणाच्या जिनिंगवर आज गाड्यांची गर्दी आहे. २०२५ मध्ये कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि स्लॉट घ्यायचा होता, तर लांब धाग्याच्या ८,११० च्या हमीभावासाठी ओलावा ८ टक्क्यांत कसा बसवायचा, किती दिवस ऊन दाखवायचं, हेही तिथेच चाललेलं. शिवाय केंद्राने आयात शुल्क डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत माफ केल्याने खाजगी भाव चढणार की नाही, यावर वाद. स्क्रीनवरचा आकडा हा फक्त सुरुवातीचा आकडा. त्यातून काय काय वजा होऊन हातात किती पडतं, हे सांगणारा सर्व्हर स्टँडसमोर आहे. तिथलं लॉगिन म्हणजे एक कट चहा.

निघताना बाबांना विचारलं, "या वर्षी काय करायचं?" विचारलं, सांगितलं नाही. म्हणाले, "अर्धा आता इकतो, अर्धा ठेवतो. आबाजी असेच करत असते, त्याईले संधी भेटली असती तं." मी मान डोलावली. आईने मागून बजावलं, "ठेवाचा तं कोठ्यात ठेवा, घरात नाई."

असो. एस.टी.त बसल्यावर बाबांचा व्हॉट्सॲप आला. हॉटेलातल्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या भावाचा फोटो. खाली लिहिलं होतं, "तुह्या ग्राफात टाक."